फळझाडांचे खत: कोकणच्या वाडीपासून ठिबकाच्या नळीपर्यंत

महाराष्ट्रात फळझाडांना खत घालण्याच्या रीती प्रदेशागणिक वेगळ्या घडल्या, त्याचे पहिले कारण वाहतूक. खत जड, ओले, वासाचे आणि किमतीच्या मानाने फार जागा खाणारे. ते लांबून आणणे कुणालाच परवडत नसे. समुद्रकाठी मासळी होती, देशावर मेंढरे होती, तळ्याकाठी गाळ, तेलघाण्याशेजारी पेंड आणि शहराच्या वेशीवर मैला. बैलगाडीच्या एका दिवसाच्या फेरीत जे येईल, तेच झाडाच्या आळ्यात पडे. त्यामुळे खत किती घालायचे, हा प्रश्न जुन्या बागाइतदारापुढे फारसा नव्हताच; मिळेल तेवढे थोडेच असे. ते कधी घालायचे, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती होते, आणि त्यात त्याने कमालीची हुशारी कमावली.

या विषयावरचे लिखाण फार जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडाला भरपूर फुले-फळे यावीत म्हणून शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांची पूड दोन आढक, तीळ एक आढक, सातूचे पीठ एक प्रस्थ, पाणी एक द्रोण आणि मांस एक तुळा असे मिश्रण सात रात्री ठेवून मग झाडाला घालावे, असे तिथे मापासकट सांगितले आहे. सुमारे इ.स. १०००च्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त कुणपजल येते. मांस, चरबी आणि मज्जा पाण्यात शिजवायची, तिळाची पेंड, तूस, उडदाचे पाणी, दूध, मध मिसळायचे आणि उबेच्या जागी कुजू द्यायचे. सुरपालाच्या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. वनस्पतिरोगतज्ज्ञ य. ल. नेने यांनी त्याची प्रत मिळवली आणि नलिनी साधले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९९६ साली प्रसिद्ध झाला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही बागेतल्या झाडांच्या निगेचा भाग आहे.

या कृतींत रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे फारसे काही नाही. मांसातली प्रथिने कुजली की नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात सुटते. हाडामज्जेतून स्फुरद येते, पेंडीतून दोन्ही. पण या ग्रंथांवरून त्या काळचा सामान्य शेतकरी काय करत होता, हे ठरवता येत नाही. झाडाच्या मुळाशी दूध आणि मध ओतणे राजाच्या उपवनातच शक्य. गावच्या आमराईला या कृतीतले फार तर लेंडीखत मिळत असेल. बागवानांच्या प्रत्यक्ष कामाचा अंदाज दुसरीकडून येतो. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद केली आहे. दख्खनच्या हवेचा तो गुण आहेच. पण झाडाला दोनदा फळायला लावायचे तर पाणी आणि खत यांवर कुणाचा तरी ताबा असावा लागतो.

कोकणातल्या वाडीत माड, पोफळ, केळ, फणस आणि आंबा एकाच कुंपणात नांदत, पण खताची वाटणी सारखी नव्हती. पोफळ आणि केळ विहिरीजवळ, म्हणजे घराजवळ. चुलीतली राख, गोठ्यातला केर, भांड्यांचे पाणी हे सगळे त्यांच्या वाट्याला आपोआप जाई. राखेत पालाश असते आणि केळीला तेच सर्वांत जास्त लागते, हे शास्त्र पुढे आले. केळीच्या बुंध्याशी राख टाकणे त्याआधीचे. मासळीचा मान माडाला होता. खाण्याजोगी नसलेली बारीक मासळी, किंवा तारलीचा सुकाळ होऊन भाव पडला की तीसुद्धा, किनाऱ्यावर वाळवून, कुटून आळ्यात घालत. वाळल्या मासळीच्या खतात साधारण चार ते दहा टक्के नत्र आणि शिवाय हाडांतले स्फुरद असते. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे मासळीची एक पाटी शेणाच्या आठ-दहा किंवा त्याहून जास्त पाट्यांचे काम करी. डोक्यावरून चढण चढून खत नेणाऱ्या माणसाला हा हिशेब कुणी शिकवावा लागला नसेल.

माडाला मीठ घालण्याची रीत किनारपट्टीवर सर्वत्र होती आणि शेतकीखात्याच्या शिकलेल्या मंडळींनी ती बरीच वर्षे अडाणीपणात जमा केली. मिठाने जमीन बिघडते, हे इतर पिकांच्या बाबतीत खरेच आहे. १९७०च्या दशकात आफ्रिका आणि फिलिपिन्समधल्या माडांवर झालेल्या कामातून मात्र माडाला क्लोरीन लक्षणीय प्रमाणात लागते, आणि समुद्रापासून दूरच्या लागवडीत त्याची उणीव जाणवते, असे दिसून आले. गोव्यात एका जेझुइट पाद्र्याने माडाच्या लागवडीवर ‘आर्ते पाल्मारिका’ हा पोर्तुगीज ग्रंथ लिहून ठेवला, यावरून या झाडाच्या उत्पन्नाकडे सत्ताधारी आणि मठ किती बारकाईने पाहत होते ते कळते. आंबा आणि फणस यांना मात्र पडलेल्या पानांखेरीज सहसा काही मिळत नसे. रायवळ आंब्याचे सोटमूळ खोल जाते. ते झाड आपले आपण भागवी आणि एक वर्ष फळून दुसऱ्या वर्षी विसावा घेई. त्यावर कुणाची तक्रार नव्हती, कारण ते फळ विकण्यासाठी नसे.

देशावर खताचा सर्वांत भरवशाचा पुरवठा मेंढरांचा. पावसाळा सरला की धनगर आपले कळप घेऊन निघत, आणि वाटेतले शेतकरी त्यांना रानात मेंढरे बसवायला बोलावत. रात्रभर कळप एका तुकड्यात कोंडायचा, दुसऱ्या रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, उचलून पुढच्या तुकड्यात. मोबदला धान्यात. लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी पडत असल्याने गोठ्यातल्या खताप्रमाणे मूत वाया जात नसे, आणि जनावराच्या खतातले नत्र-पालाश बरेचसे मुतातच असते. ज्या बागेत कळप शिरू देणे धोक्याचे, तिथे लेंडीखत पोत्यांनी विकत आणत. पेरू, डाळिंब, अंजीर आणि द्राक्षवेल यांना लेंडीखत उत्तम, हे मत पुणे-नाशिक भागात आजही कुणी सहज सांगेल.

दुसरा साठा ओसाड गावांच्या पांढरीत होता. शतकानुशतके जिथे वस्ती झाली, तिथली माती राख, शेण, हाडे आणि चुना मिसळून भुरी होते. ही पांढरीची माती शेतकरी गाड्या भरभरून नेत आणि बागेत, मळ्यात पसरत. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी यावर कपाळाला हात लावला आहे, कारण सातवाहनकालीन वस्तीची टेकाडे अशीच खणली गेली. पण त्या मातीत स्फुरद आणि चुना खरोखर भरपूर असतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा गाळ हा तिसरा साठा. हलक्या माळावर संत्र्या-मोसंबीची बाग उभी करायची तर आधी गाळ भरून घ्यावा लागे.

पेंड आणि सोनखत यांना मात्र रोख पैसा लागे, म्हणून ती नगदी पिकांमागे गेली. वसईच्या वाड्यांत केळी, पानवेल आणि ऊस यांना एरंडीची पेंड घालण्याची जुनी वहिवाट होती. एरंडीची पेंड जनावराला विषारी, त्यामुळे ती चाऱ्यात जाण्याचा प्रश्न नव्हता आणि चार टक्क्यांहून जास्त नत्र असूनही स्वस्त पडे. वसई-आगाशीची सुकेळी ज्या केळ्यांची होत, ती या पेंडीवर पोसलेली. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरपालिका मैला राखेत मिसळून, वाळवून सोनखत म्हणून विकू लागली. सुरुवातीला विटाळाच्या कल्पनेमुळे गिऱ्हाईक मिळेना. पण उसाचा उतारा दिसल्यावर विटाळ मागे पडला आणि भाव चढला. ते खत काढण्या-वाळवण्याचे काम ज्या जातींवर लादलेले होते, त्यांच्या माथ्याचा विटाळ मात्र तसाच राहिला.

खत कधी घालायचे, या विद्येचे पूर्ण रूप बहार धरण्याच्या पद्धतीत दिसते. संत्रे, मोसंबी, डाळिंब, पेरू या झाडांना दख्खनच्या हवेत वर्षातून तीनदा फूल येऊ शकते: जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. पुरंदरच्या अंजिराचे बहार दोन, खट्टा आणि मिठा. झाड मोकळे सोडले तर तिन्ही वेळा थोडे-थोडे फळते. अशी फळे बाजाराला पुरत नाहीत आणि राखण मात्र वर्षभर करावी लागते. म्हणून बागवान एक बहार निवडतो आणि बाकीचे मोडतो.

मृग धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडतात, म्हणजे झाडाला ताण देतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग आळ्यातली माती खोऱ्याने बाजूला ओढून वरच्या मुळ्या उघड्या करतात आणि काही दिवस त्यांना ऊन खाऊ देतात. अगदी बारीक तंतुमुळ्या छाटून टाकतात. जाड मुळीला धक्का लागू नये म्हणून हे काम कुदळीने न करता खुरप्याने, बसून करायचे. रोहिण्या संपत आल्या की काढलेल्या मातीत कुजलेले शेणखत किंवा लेंडीखत आणि थोडी पेंड मिसळून मुळ्या झाकतात, आळे बांधतात आणि पहिले पाणी हलके देतात, दुसरे त्याहून जरा जास्त. पंधरवड्या-तीन आठवड्यांत नवी पालवी आणि तिच्याबरोबर फूल. ताण चालू असताना खत पडले आणि वर वळवाचा पाऊस झाला, तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते आणि वर्ष हातचे जाते. उथळ, मुरमाड जमिनीत मुळ्या उघड्या केल्या तर झाडच दगावते; तिथे फक्त पाणी तोडायचे.

यामागचे कारण विसाव्या शतकात सापडले. अमेरिकेतल्या क्राउस आणि क्रेबिल यांनी १९१८ साली टोमॅटोवरच्या प्रयोगांतून असे मांडले की झाडातल्या कर्बोदकांचे आणि नत्राचे परस्परप्रमाण त्याच्या फुलण्याशी निगडित असते. ही मांडणी पुढे फारच ढोबळ ठरली. तरी ताणाचे साधे स्पष्टीकरण देण्यासाठी भारतीय पाठ्यपुस्तकांनी ती उचलली: पाणी आणि नत्र बंद झाले की वाढ थांबते, पाने करत असलेली साखर फांदीत साठते, डोळ्यांत फूल तयार होते, त्यानंतर आलेले खत-पाणी ते फूल बाहेर काढते. मृगाला आणखी एक व्यवहारी कारण होते. उन्हाळ्यात विहिरी आटतात, तेव्हाच झाडाला पाणी नको असते. नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेहून आणले असे सांगितल्या जाणाऱ्या संत्र्याचा विदर्भात विस्तार झाला, त्याला हा मेळ बराच उपयोगी पडला.

इंग्रजी अमदानीत ही सगळी व्यवस्था कात्रीत सापडली. जोतीराव फुले यांनी १८८३ साली पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये एक नेमके निरीक्षण आहे. डोंगरावरचा पाला, गवत, मेलेल्या किड्यांचा कस पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या शेतांत उतरत असे. जंगलखात्याने राने बंद करून गुरांची चराई तोडली आणि शेतीचा हा पोशिंदा गेला. ताली-बंधारे घालून पाणी शेतात मुरवावे, हा त्यांचा उपाय होता. १८८९ साली सरकारने इंग्लंडहून बोलावलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर वेगळ्या वाटेने जवळच आले. १८९३च्या अहवालात त्यांनी लिहिले की इथला शेतकरी खताची किंमत जाणतो, पण जळण नसल्याने शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते. हाडे आणि तेलबिया जहाजांतून परदेशी जातात म्हणजे जमिनीचा कसच निर्यात होतो, हा मुद्दाही त्यांनी मांडला. फुल्यांना जे डोंगरउतारावर दिसले, ते व्होल्करांनी बंदरावर मोजले.

फळझाडांचा पद्धतशीर अभ्यास पुण्याजवळच्या गणेशखिंड उद्यानात सुरू झाला. १८७३ साली स्थापन झालेल्या या बागेची सूत्रे सांभाळणाऱ्या जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर आणि आंब्यावर पुस्तके लिहिली. त्यांच्यानंतर पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या मंडळींनी, विशेषतः डब्ल्यू. बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांनी, १९२०च्या सुमारास आंब्याच्या जाती, कलमे आणि निगा यांची माहिती एकत्र केली. जी. एस. चीमा यांचे ‘गणेश’ डाळिंब आणि ‘चीमा साहेबी’ द्राक्ष याच परंपरेतले. तरीही खताच्या बाबतीत या काळातले सल्ले चाचपडतच राहिले. फळझाडावर खताचा प्रयोग करणे अवघड असते. ज्वारीचा वाफा चार महिन्यांत उत्तर देतो. आंब्याचे कलम दहा वर्षे घेते, आणि मधल्या काळात साहेबाची बदली होते.

मुळांविषयीचे महत्त्वाचे काम महाराष्ट्राबाहेर झाले. बिहारमधल्या पुसा येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी फळझाडांची मुळे खणून काढली आणि झाडाखाली गवत वाढू दिले तर कोवळे झाड का खुरटते याचा शोध घेतला. ऋतूप्रमाणे मुळांचा कामाचा थर बदलतो, कधी वरचा, कधी खोलवरचा, हे त्यातून दिसले. पुढे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली: काडीकचरा, शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर, ओलावा, आणि तीन महिन्यांत ढीग तीनदा परतणे. या पद्धतीवरचे १९३१चे पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावावर आहे. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्डांचे नाव सतत येते, वाडांचे क्वचितच.

रासायनिक खत फळबागेत उशिरा आले. अमोनियम सल्फेटची गोणी आधी कालव्याखालच्या उसात उतरली. शेतकऱ्यांच्या तोंडी ते नुसते ‘सल्फेट’ झाले. १९५१ साली सिंद्रीचा कारखाना सुरू झाला, १९६५ साली तुर्भ्याचा, म्हणजे ट्रॉम्बेचा. पुढे ‘सुफला’ या नावाने १५:१५:१५ची गोणी गावोगाव पोचली. बैलगाडीच्या फेरीचा जुना हिशेब इथे संपला. पन्नास किलोच्या युरियाच्या गोणीत तेवीस किलो नत्र येई. तेवढे शेणखतातून मिळवायला साडेचार टनांहून जास्त खत वाहावे लागे. आता किती घालायचे, हा प्रश्न पहिल्यांदाच खराखुरा उभा राहिला, आणि त्याचे उत्तर परंपरेकडे नव्हते.

हे उत्तर शोधण्याची घाई द्राक्षवाल्यांना सर्वांत जास्त होती. नाशिक जिल्ह्यात ओझर भागात १९२५च्या सुमारास द्राक्षाची आधुनिक लागवड सुरू झाली. १९६०मध्ये बागाइतदारांनी राज्यपातळीवर संघ उभारला. भोकरी आणि साहेबी या जुन्या जाती मागे पडून थॉम्पसन सीडलेस आले. द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. बहार धरताना जे काम ताण करतो, ते इथे छाटणी करते. खरड छाटणीनंतर फूट वाढवायला नत्र, काडीत घड तयार होताना स्फुरदावर भर, मणी भरताना पालाश, असे वेळापत्रक बसले. श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने याच सुमारास बागाइतदारांना पानाचे क्षेत्रफळ, सूर्यप्रकाश आणि मूळ यांचा हिशेब घालायला शिकवले. पुढे देठपरीक्षण आले. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ तोडून प्रयोगशाळेत पाठवायचा आणि वेलीच्या अंगात खरोखर काय आहे ते पाहून खत ठरवायचे. माती काय देऊ शकते आणि झाडाने काय घेतले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शेतकऱ्याने सगळ्यांत आधी द्राक्षात ओळखले.

कृषी विद्यापीठांच्या स्थापनेनंतर (राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२) प्रत्येक फळझाडाच्या मात्रेचे तक्ते निघाले. दापोलीच्या शिफारशीत दहा वर्षांच्या आंबाकलमाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश आहे. म्हणजे साधारण सव्वातीन किलो युरिया आणि तेवढेच सुपर फॉस्फेट. तेच दीड किलो नत्र नुसत्या शेणखतातून द्यायचे तर एका झाडाला तीनशे किलो लागेल. शंभर कलमांच्या बागेला तीस टन. कोकणातल्या कुठल्याच गोठ्यात इतके शेण निघत नाही. शेकडो वर्षे आंब्याला खत का मिळाले नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

कोकणात खत घालण्याचे दिवस मोजके. पावसाचे पहिले दोन-चार तडाखे होऊन जमीन भिजली की झाडाच्या विस्ताराच्या कडेला, भर दुपारची सावली जिथे संपते तिथे, वीतभर-दीड वीत खोल चर गोल खणतात. याला बांगडी पद्धत म्हणतात. तळाला पाला आणि शेणखत, त्यावर रासायनिक खत, वर माती. चर उतारावर पूर्ण गोल काढला तर पाणी धावते, म्हणून तिथे वरच्या अंगाला अर्धीच बांगडी. उशीर झाला तर आषाढाच्या धारेत युरिया वहाळाला लागतो. जांभ्याची जमीन खत धरून ठेवत नाही. देवगड-रत्नागिरीच्या कातळावर तर सुरुंगाने खड्डे फोडून, बाहेरून माती आणून भरून कलमे लावली गेली. अशा झाडाला खताखेरीज दुसरा आधारच नाही.

१९९० साली राज्याने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली आणि खड्डे, कलमे, खते यांचा खर्च अनुदानात आला. मीटरभर खड्डा, तळाला पालापाचोळा, शेणखत आणि दीड-दोन किलो सुपर फॉस्फेट, ही कृती सरकारी परिपत्रकातून राज्यभर एकसारखी झाली. याच दशकात हापूसमध्ये पॅक्लोब्युट्राझोल रुजले. ते खत नाही. झाडातले जिबरेलिन रोखून ते वाढ थांबवते आणि एकाआड एक वर्ष फळण्याची आंब्याची सवय मोडते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, झाडाच्या व्यासाच्या दर मीटरला तीन मिलिलिटर औषध पाण्यात मिसळून बुंध्याभोवतीच्या खड्ड्यांत ओततात. दरवर्षी फळणाऱ्या झाडाला दरवर्षी खत लागते, हा त्यातला दुसरा भाग होता. तो अनेकांनी वगळला, आणि करारावर घेतलेल्या बागांत तर सर्रास. पाच-सहा वर्षांत फांद्या वाळू लागल्यावर दोष औषधाला लागला.

विदर्भातल्या संत्र्याचे दुखणे निराळे. चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. पाने बारीक होतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, झाड शेंड्याकडून वाळत खाली येते. बागाइतदाराने पिवळे पान पाहिले की युरिया वाढवायचा, कारण ज्वारी-कपाशीत पिवळेपणाला तेच औषध. नत्राने झाड आणखी वाढे आणि जस्ताची तूट आणखी उघडी पडे. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय बागांत या रोगलक्षणाचा संबंध जस्ताशी लागला होता. झिंक सल्फेट जमिनीत टाकण्याऐवजी चुन्याबरोबर पानांवर फवारणे हा उपाय तिथून सगळीकडे पसरला. खत पानावाटेही देता येते, ही गोष्ट विदर्भाला संत्र्याने शिकवली.

खत घालण्याची रीत मुळापासून बदलली ती ठिबकाने. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून राज्याने ठिबकाला अनुदान दिले. जळगावच्या केळीत बसराई जाऊन ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आले, आणि खत पाण्यातूनच जाऊ लागले. राहुरीच्या शिफारशीत केळीच्या एका झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश आहे. पूर्वी हे तीन-चार हप्त्यांत बुंध्याशी मातीआड करत. आता दर आठवड्याला चमचाभर. विद्राव्य खतांची नावे आकड्यांचीच आहेत आणि शेतकरी ती तशीच बोलतो: एकोणीस एकोणीस एकोणीस, बारा एकसष्ट, झिरो बावन्न चौतीस, झिरो झिरो पन्नास. कुठला आकडा कुठल्या दिवशी सोडायचा, याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. बहार धरणाऱ्या बागवानाची वेळेची समज आणि प्रयोगशाळेचे माप प्रथमच एका नळीतून वाहू लागले. डाळिंबात ताणाची जागाही अर्धी औषधाने घेतली. पाने गाळायला इथ्रेल फवारतात.

ही सोय परावलंबी आहे. पालाश भारताला जवळजवळ सगळाच आयात करावा लागतो. ऑगस्ट १९९२मध्ये स्फुरद-पालाशयुक्त खतांवरचे नियंत्रण उठले, त्यांचे भाव भडकले, युरिया मात्र स्वस्त राहिला. सवय नत्राकडे झुकली. धान्यपिकात त्याने उतारा निदान काही काळ टिकतो. फळात मात्र जादा नत्र लगेच दिसते: केळी बारीक भरते, द्राक्ष टिकत नाही, आंबा आतून साक्याने खराब होण्याचे प्रमाण वाढते.

याच्या उलट टोकाला अमरावती जिल्ह्यातले नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर आहेत. दहा किलो शेण, तेवढेच गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी दोन किलो, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी: त्यांचे जीवामृत म्हणजे जुन्या कुणपजलाचे मांस वगळलेले धाकटे भावंड वाटते. त्यातून झाडाला थेट मिळणारे नत्र अगदी थोडे. पाळेकरांचा दावा जिवाणूंच्या वाढीचा आहे आणि कृषिशास्त्रज्ञांचा त्यावर वाद चालू आहे. दरम्यान नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांनी तंटा आपल्या पद्धतीने मिटवला. तिथे झिरो बावन्न चौतीसच्या पिशवीशेजारीच शेण-गूळ-बेसनाच्या स्लरीची टाकी असते आणि दोन्ही एकाच ठिबकातून सुटतात. स्लरी दोनदा फडक्याने गाळून घ्यावी लागते, नाहीतर ड्रिपरची तोंडे बुजतात.